मौनाला अभय नको!

कायदा संमत झाला की आपले कर्तव्य संपले, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्या समाजात रुजली आहे. सभागृहात बाके वाजतात, वृत्तपत्रांत अभिनंदनाचे अग्रलेख येतात, आणि मग तो कायदा राजपत्राच्या पानांत शांतपणे झोपी जातो. लहान मुले आणि उदयोन्मुख खेळाडू यांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्यांच्या बाबतीत हेच घडत आहे. फरक इतकाच की, येथे झोपलेल्या कायद्याची किंमत कोवळ्या मुलांना मोजावी लागते.

९ मार्च २०२० रोजी लागू झालेल्या बालक संरक्षण नियमांत एक स्पष्ट तरतूद आहे. जी जी संस्था मुलांना ठेवून घेते किंवा जिचा मुलांशी नियमित संबंध येतो, तिने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक कालावधीने करून घेतली पाहिजे. कर्मचारी शिकवणारा असो वा न शिकवणारा, कायम असो वा कंत्राटी. कोणालाही सूट नाही. अशा संस्थांची नावे सांगताना नियमाने शाळा आणि पाळणाघर यांच्या पंक्तीला ‘क्रीडा अकादमी’ हा शब्द स्वच्छपणे लिहिला आहे. आता प्रश्न असा की, हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांत ज्या मैदानावर आपण आपला मुलगा वा मुलगी पाठवतो, तेथील प्रशिक्षकाची अशी पडताळणी झाली आहे काय? हा प्रश्न आपण कधी विचारला आहे काय?

शिट्टीच्या हाती भवितव्य

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. सोयाबीन, हळद आणि पावसाचा भरवसा यांवर येथील संसार चालतात. मोठे कारखाने फारसे नाहीत. त्यामुळे गावोगावच्या मुलांचे डोळे एका गोष्टीकडे लागलेले असतात, ती म्हणजे अंगावर चढणारी खाकी किंवा लष्करी वर्दी. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीतच आहे. ती वर्दी रोज दिसते आणि रोज खुणावते. पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या मुलामुलींचे थवे मराठवाड्याच्या कोणत्याही तालुक्यात दिसतात. भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या अकादम्या, कबड्डीचे संघ आणि कुस्तीच्या तालमी ही या स्वप्नाची मैदाने आहेत.

या मुलांच्या कष्टांविषयी आम्हांला नितांत आदर आहे. परंतु या व्यवस्थेत सत्ता कोणाच्या हाती असते, हे नीट पाहिले पाहिजे. संघात कोणाला घ्यायचे, हे प्रशिक्षक ठरवतो. स्पर्धेच्या गावी कोणाला न्यायचे, कोणत्या खोलीत उतरवायचे, हेही तोच ठरवतो. स्पर्धेतील कामगिरीचे प्रमाणपत्र दहावी-बारावीला क्रीडागुण मिळवून देते आणि पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचे दार उघडते. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू जमिनीवर पाच माणसे जगतात, त्या घरासाठी हा कागद म्हणजे केवळ प्रमाणपत्र नव्हे. ती पुढच्या पिढीची भाकरी असते. अशा मुलीने प्रशिक्षकाविरुद्ध तोंड उघडायचे, तर तिला एका माणसाला नव्हे, आपल्या संपूर्ण भवितव्याला आव्हान द्यावे लागते.

त्यात आणखी एक भर पडते. दिवाळी झाली की या जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतात. मुले आजी-आजोबांजवळ, नातलगांकडे, हंगामी वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत राहतात. आईबाप शंभर कोसांवर, आणि मुलांचा दिवस परक्यांच्या स्वाधीन. आपल्या मुलाचा चेहरा उतरला आहे, ही गोष्ट जिच्या प्रथम लक्षात यावी ती आईच समोर नसते. गैरकृत्य करणारा नेमके असेच मूल हेरतो.

‘आमच्याकडे असले काही घडत नाही,’ असे म्हणणाऱ्यांसाठी केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ सालचा अहवाल पुरेसा आहे. महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार झाला. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक गैरव्यवहार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. आणि निम्म्या प्रकरणांत गैरकृत्य करणारी व्यक्ती मुलाच्या परिचयाची, विश्वासाच्या नात्यातील होती. म्हणजे भय अनोळखी माणसाचे कमी आणि ओळखीच्या माणसाचे अधिक आहे. आपण मात्र मुलांना शिकवतो ते अनोळखी माणसाच्या हातून खाऊ न घेण्याचे!

कायदा नव्हता तेव्हाची कहाणी

कायद्याने काय साधते, असे विचारणाऱ्यांनी कायदा नव्हता तेव्हा काय घडले ते आठवावे. ऑगस्ट १९९० मध्ये हरियाणातील पंचकुला येथे रुचिका गिरहोत्रा या चौदा वर्षांच्या टेनिसपटूचा विनयभंग झाला. करणारा होता हरियाणा लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्ष आणि पोलीस महानिरीक्षक एस. पी. एस. राठोड. त्याच वर्षी पोलीस महासंचालकांच्या चौकशीत गुन्हा नोंदवण्याची शिफारस झाली. पण गुन्हा नोंदला गेला नाही. रुचिकाला शाळेतून काढण्यात आले. तिच्या भावावर चोरीचे गुन्हे दाखल झाले. डिसेंबर १९९३ मध्ये त्या मुलीने विष घेऊन जीवन संपवले. राठोड मात्र बढत्या घेत पोलीस महासंचालक झाला. गुन्हा नोंदला गेला तो १९९९ मध्ये आणि निकाल लागला तो २१ डिसेंबर २००९ रोजी. शिक्षा किती? सहा महिने आणि एक हजार रुपये दंड! पुढे ती दीड वर्षापर्यंत वाढवली गेली, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून भोगलेल्या कारावासावरच प्रकरण संपवले.

एकोणीस वर्षे! क्रीडा संघटनेचे अध्यक्षपद आणि पोलिसी अधिकार एकाच हाती एकवटले की एका खेळाडू मुलीच्या वाट्याला काय येते, याचा हा पुरावा आहे. तेव्हा मुलांवरील लैंगिक अपराधांसाठी देशव्यापी स्वतंत्र कायदाच नव्हता. गोव्याने २००३ मध्ये आपला बालक कायदा करून पहिले पाऊल टाकले. देशाला मात्र १४ नोव्हेंबर २०१२ पर्यंत थांबावे लागले. त्या दिवशी ‘पॉक्सो’ या नावाने ओळखला जाणारा कायदा लागू झाला.

कायद्याचा रोख कोणावर?

या कायद्याविषयी सर्वसामान्यांत एवढेच ठाऊक असते की, त्यात कठोर शिक्षा आहे. ते खरे आहे. मुलावर विश्वासाच्या वा अधिकाराच्या नात्याने हुकमत असणाऱ्याने, शाळेच्या वा संस्थेच्या कर्मचाऱ्याने केलेला अत्याचार हा कायदा अधिक गंभीर मानतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा लैंगिक अत्याचाराच्या सर्वांत घोर प्रकाराला किमान वीस वर्षे कारावास आणि कमाल मृत्युदंड आहे. हा कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यावा, पोलिसाने त्या वेळी गणवेशात नसावे, न्यायालयात मुलाला आरोपीसमोर उभे करू नये, खटला शक्यतो एका वर्षात संपवावा, असे त्याने सांगितले आहे.

परंतु या कायद्याचा खरा प्राण त्याच्या कलम १९ आणि २१ मध्ये आहे. असा अपराध घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे, हे ज्याला कळले त्याने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे. ही विनंती नव्हे, सक्ती आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवले, तर एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड. सद्हेतूने माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे. थोडक्यात, अत्याचार करणाऱ्याइतकाच हा कायदा मौन पाळणाऱ्याकडे रोखून पाहतो.

हे मौन केवढे महाग पडते, हे आपल्याच राज्यात दिसले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहात वनवासी समाजाच्या अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आले. या मुली उपचारासाठी एका डॉक्टरांकडे नेल्या जात होत्या. डॉक्टरांना कल्पना असूनही त्यांनी पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डॉक्टरांवरील गुन्हा रद्द केला. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करण्याचा निर्णय फिरवला. माहिती असूनही न कळवणे हा गंभीर अपराध आहे, आणि बहुतेक वेळा त्यामागे अपराध्याला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असा त्या निकालाचा आशय आहे. वसतिगृहे आणि आश्रमशाळा असलेल्या कळमनुरी-औंढा भागातील प्रत्येक अधीक्षकाने, मुख्याध्यापकाने आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने हा निकाल वाचला पाहिजे.

फाशीची घोषणा आणि पडताळणीचा कागद

ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरची घटना अद्याप विस्मरणात गेलेली नाही. शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला. आरोपी होता कंत्राटी सफाई कर्मचारी. तो त्याच महिन्यात कामाला लागला होता. २० ऑगस्टला संतप्त जमावाने रेल्वे रोखून धरली. फाशीच्या घोषणा झाल्या. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने ठार झाला आणि अनेकांनी पेढे वाटले. न्याय झाला, असे ज्यांना वाटले त्यांना आम्ही विचारू इच्छितो: त्या गोळीने पुढची कोणती मुलगी वाचली? आरोपीवर खटला चाललाच नाही. त्याला कोणी कामावर घेतले, कोणी पडताळणी केली नाही, पालकांनी तक्रार केल्यावर कोणी वेळ दवडला, हे प्रश्न त्याच्याबरोबर संपले नाहीत. माहिती न कळवल्याबद्दल संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदवावा लागला, ही गोष्ट पेढे वाटणाऱ्यांच्या लक्षात राहिली नाही.

कंत्राटी कर्मचाऱ्याचीही पडताळणी करा, हे सांगणारा नियम त्या दिवशी चार वर्षांहून अधिक जुना होता! फाशीची घोषणा द्यायला एक दिवस पुरतो. पडताळणीचा कागद तपासायला दर वर्षी कोणी तरी जावे लागते. आपला समाज पहिल्या कामात शूर आणि दुसऱ्या कामात आळशी आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये अधिक कठोर शिक्षेचे ‘शक्ती’ विधेयक संमत केले. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही. त्यावर राजकीय आरोप-प्रत्यारोप भरपूर झाले. परंतु जो कायदा अस्तित्वात आहे, त्याच्या एका साध्या नियमासाठी कोणत्या पक्षाने मोर्चा काढला?

मोठ्या मैदानाचे नियम, छोट्या मैदानाचे काय?

अमेरिकेसारख्या देशातही याहून वेगळे घडले नाही. तेथील जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षे मुलींवर अत्याचार करीत होता. तक्रारी होत्या; संघटनेला पदके प्रिय होती. २०१६ मध्ये वृत्तपत्राने प्रकरण बाहेर काढले. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक मुली आणि महिला न्यायालयात उभ्या राहिल्या, तेव्हा त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. पुढच्याच महिन्यात तेथे कायदा झाला. क्रीडा संघटनांतील प्रौढांनी संशय येताच २४ तासांत कळवावे, आणि प्रौढ व्यक्तीने अल्पवयीन खेळाडूला इतरांच्या नजरेआड एकटे भेटू नये, असे त्याने बजावले.

आपल्याकडे २०२३ मध्ये देशासाठी पदके आणणाऱ्या महिला मल्लांना दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले. त्यांतील अल्पवयीन मुलीच्या नावे झालेली तक्रार बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्वीकारला. प्रौढ मल्लांच्या तक्रारींचा खटला स्वतंत्र आहे आणि त्याचा निवाडा न्यायालयच करील. पण तक्रार घेऊन जावे असे विश्वासाचे दार महासंघात नव्हते, एवढे तरी त्यातून निर्विवाद सिद्ध झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या रक्षणासाठी सुरक्षित क्रीडा धोरण, तक्रार निवारणाची व्यवस्था आणि क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद त्यात आहे. हे स्वागतार्हच आहे.

परंतु हा कायदा प्रामुख्याने राष्ट्रीय महासंघांचा कारभार सुधारण्यासाठी आहे. सेनगावच्या एखाद्या माळावर चालणाऱ्या खासगी अकादमीपर्यंत त्याचा हात थेट कसा पोहोचणार? राज्यघटनेनुसार क्रीडा हा राज्यसूचीतील विषय आहे. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये खासगी शिकवणीवर्गांच्या नोंदणीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतून खेळाचे प्रशिक्षण स्पष्टपणे वगळले आहे. म्हणजे गणिताची शिकवणी चालवणाऱ्याने नोंदणी करावी, आणि पहाटे पाचला तुमच्या मुलीला अंधाऱ्या मैदानावर बोलावणाऱ्याला मात्र एक शिट्टी आणि एक फलक पुरावा! ही फट महाराष्ट्र शासनाने भरून काढली पाहिजे. निवासी असो वा अनिवासी, अठरा वर्षांखालील मुलांना प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येक अकादमीची आणि तालमीची जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे सक्तीची नोंदणी, आणि पडताळणीशिवाय नोंदणी नाही, असा कायदा विधिमंडळाने करावा.

तीन आक्षेप

यावर तीन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला, खोट्या तक्रारींचा. कायद्याने द्वेषबुद्धीने केलेल्या खोट्या तक्रारीला शिक्षा ठेवली आहे. शिवाय पडताळणी, उघड्यावर सराव, मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक हे नियम प्रामाणिक प्रशिक्षकाचे सर्वांत मोठे संरक्षण आहेत. ज्याचे वर्तन स्वच्छ आहे, त्याला साक्षीदाराचे भय कशाला?

दुसरा आक्षेप अब्रूचा. ‘मुलीचे लग्न कसे होईल? गावात तोंड कसे दाखवावे?’ हा प्रश्न विचारणारे आईबाप निर्दय नसतात, भ्यालेले असतात. पण अब्रू गेली ती कोणाची? चोरी झाली तर आपण चोराला चोर म्हणतो, ज्याचे घर फुटले त्याला नव्हे. मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याने सक्त मनाई केली आहे. आणि गावच्या बैठकीत पैसे देऊन-घेऊन प्रकरण ‘मिटवणे’ हा समंजसपणा नाही. ज्यांना सारे कळले आणि ज्यांनी पोलिसांना कळवले नाही, ते सर्व या कायद्याच्या कक्षेत येतात.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. ‘गुरुशिष्य परंपरेच्या या देशात गुरूवर संशय घ्यायचा?’ असे विचारले जाते. त्याचे उत्तर याच जिल्ह्याच्या मातीत आहे. नरसीच्या नामदेवांना गुरू भेटले ते औंढ्याला. परंपरा सांगते की, विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून पहुडलेले पाहून नामदेवांनी आधी त्यांना जाब विचारला आणि मगच त्यांच्यापुढे मस्तक नमवले. विसोबा त्या प्रश्नाने रागावले नाहीत. त्यातूनच त्यांनी बोध दिला. प्रश्न सहन करतो तो गुरू. प्रश्न विचारताच संघातून काढण्याची धमकी देतो, तो गुरू या शब्दाला पात्रच नाही. परंपरेचा आधार घेऊन अपराध झाकणे हा परंपरेचाच अवमान आहे.

आधी आपले अंगण

येथे आपल्या वाचकांशी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. समाजात सेवाभावाने चालणाऱ्या शेकडो शाळा, वसतिगृहे, क्रीडा मंडळे आणि संस्कारवर्ग आपल्यापैकी अनेकजण चालवतात. दुसऱ्याच्या संस्थेत असे काही घडले की आपली लेखणी तळपते. आपल्या परिचयाच्या संस्थेविषयी कुजबुज कानी आली की मात्र ‘संस्थेचे नाव खराब होईल’ म्हणून आवाज खाली येतो. अपराध्याला जात, पंथ, पक्ष वा विचार नसतो. ‘तो आपला आहे’ हे वाक्य राजुरा आणि बदलापूरच्या मुलींच्या आयुष्यात शत्रूइतकेच घातक ठरते. ज्या संस्थेचे नाव एका मुलाच्या अश्रूंवर टिकवावे लागते, ते नाव टिकवण्याच्या योग्यतेचे नाही.

म्हणून आरंभ आपल्या अंगणातून व्हावा. आपण चालवीत असलेल्या प्रत्येक संस्थेने या महिन्यातच सर्व कर्मचाऱ्यांची, स्वयंसेवी प्रशिक्षकांसह, पोलीस पडताळणी करून घ्यावी. स्पर्धेसाठी मुली बाहेरगावी जाताना सोबत महिला असावीच. मुलांच्या निवासात एकट्या प्रौढाने रात्री जाऊ नये. १०९८ हा बालकांसाठीचा दूरध्वनी क्रमांक मैदानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. पालकांनी आठवड्यातून एकदा न सांगता सराव पाहायला जावे. जो प्रशिक्षक त्याला हरकत घेतो, त्याच्याकडे मुलाला दुसऱ्या दिवशी पाठवू नये. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी गावातील एखाद्या भगिनीने पालकत्वाची जबाबदारी घ्यावी आणि दर आठवड्याला त्यांची विचारपूस करावी. आणि ग्रामसभेत उभे राहून एक प्रश्न विचारावा की, आपल्या गावच्या शाळेत, वसतिगृहात आणि मैदानावर मुलांजवळ जाणाऱ्यांपैकी किती जणांची पडताळणी झाली आहे? उत्तर लेखी मागावे.

मूल जेव्हा धीर करून काही सांगते, तेव्हा ते बहुधा एकदाच सांगते. त्या क्षणी ऐकणाऱ्याने ‘गप्प बस’ म्हटले, तर देशातील सर्व कायदे त्या मुलापुरते रद्द होतात. आणि ऐकणाऱ्याने ‘तुझी चूक नाही’ एवढे म्हणून पोलीस ठाण्याची वाट धरली, तर राजपत्रात झोपलेला कायदा खडबडून जागा होतो. तो जागा करण्याचा अधिकार मंत्र्याला नाही, न्यायाधीशाला नाही. तो प्रथम घरातील आणि गावातील जाणत्या माणसाला आहे. तो अधिकार आपण वापरणार आहोत की नाही, एवढाच आता प्रश्न आहे.